मशीन दुरुस्तीला द्यायचं नाही

माय, मी तुझी कितवी लेक, हे तरी आठवतं का? जिवंत होतीस तेव्हाही सगळ्या बहिणींची नावं घेऊन मग माझ्यावर यायचीस, आणि ज्वारीच्या बिबड्यांच्या पिठात मीठ घातलं का, हे ज्याला त्याला विचारत बसायचीस. म्हणून आधीच सांगते, सोनगीरहून पहूरला दिलेली, अजून अक्षरओळख नसलेली तुझी लेक बोलतेय. लिहितेय माझी सून, तेही कॉम्प्युटरवर. तो काय असतो ते मला विचारू नकोस. लोखंडी डब्यावर काचेचा डबा आणि पुढे बटणांची फळी. जळगावच्या दाळ मिलमध्ये नवा आला, तेव्हा तिथं कामाला असलेल्या तुझ्या नातवानं जुना उचलून घरी आणला, आणि सून त्याच्यावर गावाच्या लग्नपत्रिका जुळवायला लागली.

परवा तो उठेचना. बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा, काच मात्र काळीच. सून वायर काढायची, पुन्हा खोचायची, डब्याला कान लावून ऐकायची. मी म्हटलं, "अर्धी झालेली पत्रिका कुठंय मग?" "आत आहे, आत्याबाई." "आत कुठं?" तिला सांगता येईना आणि मला समजेना. तेवढ्यात पोरगा पोतं घेऊन आला. "जळगावले न्यावं लागीन दुरुस्तीला. येईन आठवडाभरात वापस."

ते ऐकलं आणि मी एकदम सोनगीरच्या ओट्यावर. तुझं शिलाई मशीन अडकलंय, तुझे मालक, आमचे नाना, ते बैलगाडीत चढवतायत, धुळ्याला दुरुस्तीला. धक्का बसू नये म्हणून तू चाकाभोवती फडकं गुंडाळतेस. मग धुळ्याकडून येणारी एकेक गाडी बघत राहतेस. "मन्हं मशीन कव्हय येई?" नाना म्हणतात, "येई." बेतून ठेवलेलं पोलकं खुंटीवरच विटतं. पुढे तू विचारणंच सोडलंस. विसरली म्हातारी, असं सगळे म्हणाले. तुझं बाकीचं विसरणं मला मान्य आहे, माय, पण हे एक मला कधी पटलं नाही.

म्हणून मी डब्यावर हात ठेवून बसले. "हे घराबाहेर जाणार नाही." पोरगा म्हणाला, "आई, तुले त्यातलं काय कळतं?" "काही नाही. पण उघडायचं तर इथंच उघडा." तो बायकोला म्हणाला, "घे, तुला वकील मिळाली." सून पेचकस घेऊन बसली. झाकण निघालं, तर आत कापूसच कापूस. यंदा भाव येईल म्हणून पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलाय, आणि हा डबाही तिथंच. आतला पंखा दिवसभर तो ओढत राहिलेला. उशी भरावी तसा डबा गच्च! पत्रिका मात्र कुठंच दिसली नाही. मी नीट बघितलं, वाकून वाकून. मग पुंजके काढत गेले आणि सवयीनं मांडीवर वाती वळत गेले. सुनेनं आतली एक हिरवी पट्टी काढून खोडरबरानं घासली; मिलमधल्या माणसानं फोनवर तसं सांगितलं होतं. बटण दाबलं. पंखा घरघरला, काच उजळली, अक्षरं आली. कापसानं अडलं होतं की पट्टीनं, हे सुनेलाही ठाऊक नाही. आणि अर्धी पत्रिका जशीच्या तशी! इतका वेळ होती कुठं?

हे पत्रही ती आता तिथंच ठेवणार म्हणे. पत्ता काय घालू, विचारत होती. मी म्हटलं, राहू दे. एक सांगते, हसू नकोस. धुळ्याला गेले की मशीनच्या दुकानापुढं माझे पाय अजून रेंगाळतात. आत तुझं असेल, दुरुस्त होऊन, असं वाटतं. दर आखाजीला तुझ्या नावाची घागर भरते, पुरणपोळी आणि आमरसाचं पान ठेवते, आणि तू तिकडून काही म्हणता काही पाठवत नाहीस. यंदा बिबड्या पाठव. तीळ घालून, जरा जाड थापलेल्या. मीठ विसरलीस तरी चालेल.