निरभ्र आभाळातली वीज

लोकुर्वे, १८ फेब्रुवारी २००६

ती. पोनीताईस, लोडूचा सा. न. आणि प्रभूच्या नावाने सलाम.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. रागावशीलच म्हणा. इथे येऊन तीन आठवडे झाले. पंधरा वर्षांनी सरहद्दीपलीकडच्या छावण्यांतून परतलेली माणसं झोपड्या शाकारताहेत. शाळेच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर लढाईत गेलं. रविवारच्या उपासनेला तेवीसजण येतात. चोविसावी केजी म्हातारी. ती येते मला जेवू घालायला आणि टोमणे मारायला. माझं गाणं ऐकल्यापासून तिच्या कोंबड्या अंडी देईनाशा झाल्यात, म्हणते.

प्रार्थनामंदिरासाठी जागा हवी. दोन वस्त्यांच्या मधोमध एक मोठा आंबा आहे, फळांनी वाकलेला. पण त्याच्याखाली कोणी जात नाही, लांबचा वळसा घेतात. सगळं रान पेटवलं, तेवढा गवताचा पट्टा सोडला. पाऊस पाडणारा एक जुना माणूस तिथे पुरला आहे. कोणाचा पाय पडला की तो निरभ्र आभाळातून वीज पाडतो, म्हणे. माणसं परतल्यापासून एक बैल आणि एक बाई अशी गेली. केजी म्हणते, तुझा देव तुझे पाय सांभाळो, मला माझे लागतात.

दुसरी सावलीची जागा नाही. काय करू ते कळव.

तुझा, लोडू

&nbsp;

छावणीची शाळा, अजुमानी, २५ फेब्रुवारी २००६

चि. लोडूस अ. आ.

पत्र मिळालं. अक्षर सुधार. भाजलेल्या तिळाची पुडी सोबत आहे. पहिल्याच दिवशी सगळ्यांना वाटून मोकळा होऊ नकोस.

निरभ्र आभाळातून वीज पडत नाही. वीज पडायला ढग लागतो. हे मी चौथीच्या मुलांना शिकवते, आणि तू त्या वर्गात दोनदा बसलास. बैल म्हातारा असेल, बाई तापाने गेली असेल. आपल्या वडिलांनी असल्याच एका पाऊसवाल्याला शेवटची शेळी दिली होती. तुला आठवत नाही, मला आठवतं. त्या वर्षी आपण पाला उकडून खाल्ला. मी कंपालाला कॉलेजात गेले ती पुन्हा कोणाला शेळी द्यावी लागू नये म्हणून.

तू प्रभूची मंडळी उभी करायला गेला आहेस, वळसे घालायला नाही. एक रविवार ठरव, सगळ्यांना बोलाव आणि त्यांच्यादेखत चालत जा. भीती तुझीच गेली नाही, तर त्यांची कशी जाणार?

लोभ आहेच, थोडा धाकही असू दे.

पोनी

&nbsp;

लोकुर्वे, ४ मार्च २००६

ती. पोनीताईस सा. न.

तुझं पत्र आज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांना वाचून दाखवलं. मी चौथीत दोनदा बसलो, यावर फार हसले. केजीने विचारलं, ताईचं लग्न झालंय का, आणि झालं असेल तर नवरा जिवंत आहे का.

पण पत्राने काम केलं. येत्या १२ तारखेचा रविवार ठरला आहे. सकाळी दहाला सगळे गात निघणार. बायका गवत काढायला कुदळी आणणार आहेत. केजीने पत्र दुसऱ्यांदा वाचायला लावलं आणि मग जाहीर केलं की पुढे ती चालेल. तो पाऊसवाला तिच्या आईचा भाऊ लागतो, ओळख ठेवेल, म्हणे. मी नको म्हटलं, तर तिने मला चौथी नापास म्हणून गप्प केलं. तिच्यामागे मी, माझ्यामागे बाकीचे.

पहिला आंबा तुझ्यासाठी ठेवतो.

तुझा, लोडू

&nbsp;

अजुमानी, ८ मार्च २००६

लोडू,

तिथे जाऊ नकोस. कोणालाही जाऊ देऊ नकोस.

तुझं पत्र आज आलं. मी ते शिक्षकांच्या खोलीत वाचलं, सगळे हसले. दारात आपला राखणदार योसिया उभा होता, तो हसला नाही. त्याचा डावा पाय फौजेत असताना गेला, तुला माहीत आहे. त्याने विचारलं, आंबा मोठा आहे का. फौजेचा तळ नेहमी आंब्याखाली पडतो, म्हणाला, आणि तळ उठवताना सैनिक मागे सावलीत सुरुंग पेरून जातात. मग त्याने विचारलं, बाई, तो बैल मेला कसा, ते विचारलंत का.

मी विचारलं नव्हतं. वीज नव्हती, एवढं मला ठाऊक होतं. मग काय होतं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पत्र पोचायला कधी चार दिवस लागतात, कधी आठवडा. रविवार चार दिवसांवर आहे. म्हणून याची एक नक्कल नदीपलीकडच्या मोयो गावाच्या ट्रकवाल्याकडे देते आणि हे पत्र घेऊन मी स्वतः निघते. दोघांतलं कोणीतरी पोचेल.

ताई

&nbsp;

लोकुर्वेच्या अलीकडची टेकडी, रविवार, १२ मार्च

चि. लोडू,

नदीवरची फेरीबोट दीड दिवस बंद होती. ट्रकही माझ्यासोबत तिथेच अडकला. मोयोच्या पुढे ट्रक निघेना, म्हणून काल तिथून चालत निघाले. टाच सोलली आहे, पाय टेकवत नाही. हा सायकलवाला तुमच्याकडचा आहे, चाकात हवा भरतो आहे. अर्ध्या तासात पोचेन म्हणतो. त्याला तोंडी सगळं सांगितलं आहे, पण तुम्ही त्याचं ऐकणार नाही म्हणून हे लिहून देते: ताईचं चुकलं. वळसा बरोबर होता.

साडेनऊ झाले आहेत. खालून गाणं ऐकू येतं आहे. तू दहा लिहिलं होतंस. जन्मात कधी वेळेआधी कुठे गेला नाहीस, आज तरी जाऊ नकोस. आभाळ लख्ख आहे, एक ढग नाही.

आत्ता गडगडलं.

सायकलवाल्याने पंप खाली ठेवला. गाणं थांबलं आहे.

वीज असेल, लोडू. ढगाशिवायही पडत असेल. मी इतकी वर्षं मुलांना चुकीचं शिकवलं असेल.

कळव.

ताई