अंगठ्याखालचा पारा

अण्णा,

काल परळला नव्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांच्याकडे बीपीचं मशीन अजून पाऱ्याचं आहे. दंडाला पट्टा गुंडाळताना त्यांनी केसपेपरवरचं आडनाव वाचलं आणि मी गिरगावातल्या सरांची कोण, असं विचारलं. मुलगी म्हटल्यावर ते पट्ट्यात हवा भरायचंच विसरले.

ते तुमचे विद्यार्थी निघाले. मग त्यांच्या तोंडून तुमचा तास सुरू झाला. एका टोकाला बंद असलेली काचेची लांब नळी पाऱ्याने काठोकाठ भरायची, तोंडावर अंगठा दाबायचा, वाटीतल्या पाऱ्यात ती उलटी करायची आणि अंगठा काढायचा. पारा थोडा उतरतो आणि शहात्तर सेंटिमीटरच्या आसपास थांबतो, कारण बाहेरची हवा त्याला तोलून धरते. काही शतकांपूर्वी इटलीत हे पहिल्यांदा केलं गेलं. डोंगरावर पारा आणखी उतरतो हे पुढे कळलं, म्हणून सगळ्यांनी समुद्रसपाटीचा दाब प्रमाण मानला. पुणं उंचावर, तिथल्या पोरांना बेरीज करावी लागते, आपली चौपाटी पाच मिनिटांवर आहे, असं तुम्ही म्हणायचात म्हणे. पावसाळ्यात पारा शहात्तरच्याही खाली थांबायचा आणि कोणी पुस्तकातलं शहात्तर लिहिलं की तुम्ही चिडवायचात, हा आकडा माणसांनी ठरवलाय, पाऱ्याला कुठे ठाऊक?

डॉक्टर हसत होते. मला हसू येईना. तुम्ही चिडवायचात, हेच मला माहीत नव्हतं. घरी तुम्ही स्वयंपाकघरात मुकाट्याने जेवायचात आणि मी काही विचारलं की म्हणायचात, "शाळेत बाईंना विचार." एकदा तुमचा डबा द्यायला शाळेत आले, तर खिडकीतून दिसलं, तुम्ही एका मुलाचा अंगठा धरून नळीवर नीट बसवताय. माझा हात तुम्ही असा कधी धरलेला मला आठवत नाही. डबा शिपायाकडे देऊन मी परत फिरले. तेव्हा जळले होते, आणि काल, या वयात, त्या भल्या माणसावरही तशीच जळले.

ते म्हणाले, "तुम्हाला तर सरांनी घरीच शिकवलं असेल. नशीबवान हो तुम्ही."

मी हो म्हटलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. "सगळ्यात आधी माझा अंगठा," मी म्हटलं. "नळी तुमच्या वर्गात यायची ती आमच्या स्वयंपाकघरातून."

माझ्या अंगठ्याकडे बघतच त्यांनी पट्ट्यात हवा भरली. त्यांना माझा हेवा वाटला, तो मी डोळे भरून पाहिला. बीपी अर्थातच जास्त निघालं.

हे पत्र कुठे टाकायचं, ते माहीत नाही. पण तुमचे विद्यार्थीही आता म्हातारे झालेत, एकेक करून वर तुमच्याकडे येऊ लागतील. त्यांतल्या कोणी माझ्या अंगठ्याचं विचारलंच, तर माझ्यासाठी एवढं करा. हो म्हणा.