नाव सांगितल्यानंतर

प्रिय आयुषी,

हे पत्र आपल्या वर्गातली मेघा तुझ्या हातात देईल. तिला काही विचारू नकोस, आत काय आहे ते तिला माहीत नाही. मेसेज करणार होते. पण तू मला ब्लॉक केलं आहेस की नुसतीच उत्तर देत नाहीस ते कळेना, आणि जे सांगायचं आहे ते येता-जाता, कुणी खांद्यावरून फोनमध्ये डोकावत असताना वाचण्यासारखं नाही. घरी उघडू नकोस. लायब्ररीतल्या मागच्या बाकावर जा आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडून टाकावंसं वाटेल, तरी वाच.

मी धुळ्यात आहे, अम्मीच्या बहिणीकडे, खालाकडे. तू आली होतीस ना एकदा माझ्याबरोबर, तेच घर. गल्लीतले यंत्रमाग अजून तसेच खडखडतात. तू विचारलं होतंस, इथे माणसं एकमेकांशी बोलतात कशी, आणि खाला म्हणाली होती, जोरात बोलतात, म्हणून तर सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. तुझ्यासाठी तिने कोरी कढई आणली होती, आमच्या भांड्यांतलं तुला चालेल की नाही म्हणून. ती कढई तिने वेगळीच ठेवली आहे. आल्या आल्या विचारलं, तुझी मैत्रीण कशी आहे? मी म्हणाले, बरी आहे. परीक्षेच्या तोंडावर कॉलेज सोडून मी इथे का येऊन बसले, हे तिने विचारलं नाही. अम्मीने फोनवर विचारलं, तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणाले.

डिपार्टमेंटच्या व्हरांड्यात तू जे बोललीस ते माझ्या कानातून जात नाही. मी प्रकल्पातून बाहेर पडतेय असं कामिनी मॅडमना सांगून आले होते. तू व्हरांड्यातच गाठलंस. ‘कारण सांग’ म्हणालीस, मी जायला वळले. मग तू म्हणालीस, “तुम्हा लोकांचं असंच असतं. सुरू करायचं आणि अर्ध्यावर टाकून निघून जायचं.” वर्गातला अभिमन तिथेच उभा होता, तो खाली बघायला लागला. तुझाही चेहरा उतरला, मी पाहिलं. ‘आपण’ आणि ‘ते लोक’ यांवर आपण दोघींनी मिळून निबंध लिहिला होता, मॅडमनी तो वर्गात वाचून दाखवला होता. तो शब्द तुझ्या तोंडून आला, आणि तू तो परत घेतला नाहीस. मीही कारण सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते आज लिहितेय.

प्रकल्प कुणाच्या डोक्यातून निघाला होता, आठवतंय? माझ्या. तौफिकभाईला एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात नोकरी लागली आणि अब्बा म्हणाले, आता भुसावळहून रोज तुम्ही दोघा भावंडांनी गाडीने जा-ये करण्यापेक्षा जळगावलाच घर बघू. भाई घरं बघून यायचा आणि सांगायचा, नाव ऐकलं की घर आधीच दिलेलं असतं. मी हे वर्गात सांगितलं, तेव्हा सगळ्यात जास्त तूच चिडलीस. म्हणालीस, चिडून काय होणार, मोजू या. ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी दिसली की नंबर घ्यायचा. एक दिवस मी फोन करायचा, दुसऱ्या दिवशी तू. प्रश्न एकच, आवाज सारखाच नम्र, फक्त नाव वेगळं. मॅडमनी दोन अटी घातल्या. समोरच्याशी वाद घालायचा नाही, तो बोलेल ते जसंच्या तसं टिपायचं. आणि नंतर प्रत्येकाला भेटून किंवा फोन करून सांगायचं, की हे अभ्यासासाठी होतं, नाव कुठेही येणार नाही, आणि तुम्हाला नको असेल तर तुमचं उत्तर आम्ही काढून टाकू.

सुरुवातीला आपल्याला हसू यायचं, खरं सांग. माझं मराठी ऐकून मालक खूश व्हायचे. पाणी चोवीस तास आहे, गॅलरी पूर्वेला आहे, मुलींसाठी तर एकदम सुरक्षित. मग मी नाव सांगायचे. त्यानंतर जी शांतता यायची, ती आपण दोघी स्पीकरवर ऐकायचो आणि तू बोटाने हवेत टिचकी मारायचीस, आलीच म्हणून. “आत्ताच सकाळी दिलं हो.” “आमच्याकडे शाकाहारीच लागतं.” पिंप्राळ्याचे ते आबा निदान सरळ होते, सगळी गल्ली बोलेल म्हणाले. “पोरी, मनी काही हरकत नही, पण बठ्ठा गल्लीना लोके बोलतीन.” दुसऱ्या दिवशी तू फोन केलास तर त्याच आबांनी तुला घर बघायला बोलावलं. मग आपण आमच्या वस्तीतल्या पाट्या घेतल्या आणि तुझी पाळी आली. त्या चाचांनी तुझं नाव ऐकून किती गोड आवाजात सांगितलं, बेटी, तुझ्या घरच्यांना आवडणार नाही, उगाच आमच्यावर बोल येईल. तू फोन ठेवलास. मग म्हणालीस, रूही, हे तुला रोज होतं? त्या दिवशी तू मला बहिणीपेक्षा जवळची वाटलीस.

आता ती पाटी. रिंग रोडच्या पलीकडच्या नव्या कॉलनीतली, पिवळ्या रंगाचं दुमजली घर, वरचा मजला भाड्याने. गच्चीतून समोर मोकळं रान दिसतं. मी अम्मीला घेऊन ते बाहेरून बघून आले होते. अम्मी म्हणाली, इथे कपडे छान वाळतील. पाटीवर नाव नव्हतं, नुसता नंबर. तू त्या दिवशी कॉलेजला आली नव्हतीस. मी एकटीनेच कॅन्टीनच्या मागे उभं राहून फोन लावला. पलीकडून “बोला” आलं. तो आवाज मी ओळखला, आयुषी. तुमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायची घाई असते, तेव्हा “रूहीला आधी वाढा, तिची गाडी आहे” असं जो आवाज म्हणतो, तोच. रिक्षांचा संप होता त्या दिवशी ज्यांनी दुकान सोडून मला स्कूटरवर स्टेशनला पोचवलं, ते कांतीलालकाका, तुझे वडील.

फोन ठेवून द्यायला हवा होता का? मला सुचलंच नाही. मी ठरलेला प्रश्न विचारला, ठरलेल्या वेळी नाव सांगितलं. ते म्हणाले, “रूही? आपली रूही? तुला कशाला घर पाहिजे बेटा?” मी म्हणाले, खरंच पाहिजे काका, भाईला नोकरी लागली आहे, आम्ही सगळे येतोय. आणि मग तीच शांतता. मी ती पुष्कळदा ऐकली होती, पण ओळखीच्या माणसाकडून कधी नाही. मग ते बोलले. मॅडमनी सांगितलं तसं जसंच्या तसं देते. “बेटा, तू घरातली आहेस. पण घराचं वेगळं असतं. माझी काही हरकत नाही, पण त्यात भावाची भागीदारी आहे, कॉलनीत आपलेच लोक आहेत, मी कुणाकुणाला तोंड देऊ?” आणि फोन ठेवताना हळूच, “आयुषीला सांगू नकोस.”

ते घर तुमचं आहे हे तुला माहीत नव्हतं, मला ठाऊक आहे. दुकानातलं घरात बोलायचं नाही, हा काकांचा नियम तूच मला सांगितला होतास. मी ते उत्तर कुठेही टिपलं नाही. दुसऱ्या दिवशी तू नंबर मागितलास, तर मी म्हणाले, ती पाटी निघाली. पण मग बाकीची उत्तरं टाइप करायला बसले की हात चालेना. त्या आबांचं लिहायचं, त्या चाचांचं लिहायचं, आणि ज्यांच्या घरची पोळी खाल्ली त्यांचं तेवढं गाळायचं? आणि लिहावं, तर तू वाचणार. ‘घरातली आहेस’ हे वाचून तू कुणाचे शब्द आहेत ते ओळखशील असं मला वाटायचं. म्हणून मी प्रकल्पच सोडला. तू त्याचा जो अर्थ लावलास तो लावलास.

इथे आल्यावर कामिनी मॅडमचा फोन आला. परत ये असं त्या म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “रूही, एखादं उत्तर तू लपवते आहेस असं मला वाटतं. कुणाचं ते मला नको सांगूस. पण ज्याचं आहे त्याच्याकडे जा. ते ठेवायचं की काढायचं, हे तू एकटीने ठरवायचं नसतं.” मला त्यांचा राग आला. रात्रभर त्या मागांच्या आवाजात पडून राहिले. सकाळी खालाला म्हणाले, कॉलेजला काम आहे, आणि एसटीत बसले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, प्रत्येक स्टँडवर वाटायचं, उतरावं आणि उलटी गाडी धरावी.

होय, मी काल जळगावला येऊन गेले. तुला भेटले नाही. तुमच्या दुकानात गेले.

काका गादीवर बसून साड्यांच्या घड्या घालत होते. मला पाहून उठलेच. दुकानातल्या प्रेमराजभाऊंना चहा आणायला पिटाळलं. मी बसले नाही. बसले असते तर रडले असते. मी म्हणाले, “काका, मी धुळ्याहून सरळ इथेच आलेय. तुम्ही त्या दिवशी फोनवर जे बोललात ते आमच्या अभ्यासातलं एक उत्तर आहे. तुमचं नाव येणार नाही. नको असेल तर मी ते काढून टाकते, तो तुमचा हक्क आहे.” ते म्हणाले, “हे विचारायला तू धुळ्याहून आलीस?” मी मान हलवली. त्यांनी विचारलं, “बाकीचे काय म्हणतात?” मी म्हणाले, “कुणी खाण्यापिण्याचं सांगतं, कुणी शेजाऱ्यांचं. ‘माझी काही हरकत नाही’ असं मात्र बहुतेक सगळेच म्हणतात.” त्यांचा हात साडीच्या काठावर थांबला.

आता खरं सांगते. मला वाटत होतं, आता ते म्हणतील, जाऊ दे बेटा, घेऊन ये सामान. मी त्या एका वाक्याची वाट बघत होते. अम्मीसाठी, आणि त्याहून जास्त माझ्यासाठी. ते वाक्य आलं नाही. ते म्हणाले, “काढू नकोस. मी बोललो ते खरंच बोललो. आज तू समोर उभी आहेस म्हणून दुसरं काही बोललो, तर उद्या मला ते निभावता यायचं नाही. भावाशी, कॉलनीशी भांडण घ्यायची माझी छाती नाही. तसंच लिही.” मला इतका राग आला की पायरीवर काढलेली चप्पल कुठे आहे तेही दिसेना. मी म्हणाले, “मग आयुषी वाचेल.” ते खाली बसले. “तू सांग तिला,” म्हणाले. मी म्हणाले, “तुम्ही सांगा. मुलगी तुमची आहे.” तेव्हा काकांचा आवाज फाटला गं. “माझ्याच्याने होणार नाही. ती मला देवासारखं मानते. तू सांग. तू सांगितलंस तर ती निदान ऐकून घेईल.” चहा आला, मी घेतला नाही. पायरी उतरताना मागे वळून मी एकच म्हणाले, “सांगेन. पण तिने येऊन विचारलं, तर नाही म्हणायचं नाही.” ते म्हणाले, “नाही म्हणणार नाही.”

म्हणून हे पत्र. त्यांचं ओझं मी का वाहावं, असं मनात येतं. पण शनिवारी तोंडी परीक्षा आहे, बाहेरचे परीक्षक समोर असतील, आणि ते उत्तर मी तिथे वाचणार आहे. सगळ्यांसमोर तुला ते कळावं असं मला नको होतं. मी मॅडमना आज फोन करून सांगितलं, की मी परत येतेय. आता तू काकांकडे जा. त्यांच्याशी भांडायचं असेल तर भांड. मलाही भांडायचं होतं, मला तो हक्क नव्हता. माझ्यासाठी त्यांच्याकडे घर मात्र मागू नकोस; तसं मिळालेल्या घरात अम्मी कपडे वाळत घालणार नाही. आणि तुझ्या त्या वाक्याचं म्हणशील तर ते मी विसरलेले नाही, ते आपण समोरासमोर बसून बोलू. शनिवारी तू आली नाहीस तरी मी वाचेन. पण “बेटा, तू घरातली आहेस” इथपर्यंत आले की माझा आवाज जाईल, हे मला आत्ताच माहीत आहे. तेव्हा पुढचं वाक्य वाचायला कुणीतरी शेजारी उभं हवं, आणि ती तूच असावीस असं मला वाटतं.

वाट बघणारी, तुझीच,
रूही