तिसरं लायसन्स

रविवार, २२ नोव्हेंबर २००९

संध्याकाळी माझ्या कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. कोपऱ्यात मजकूर: ही विंडोज अस्सल नाही. घरातल्या तीन कॉम्प्युटरसाठी सवलतीचा लायसन्स पॅक मीच हट्टाने घ्यायला लावला होता. नाक्यावरची चोरीची सीडी घरात नको म्हणून.

तिन्हींवर विंडोज टाकणाऱ्या विलासला, माझ्या धाकट्या दिराला, जाब विचारला. हसला.

"वहिनी, तिसरं लायसन्स पूर्णा गावातल्या आपल्या गोडाऊनच्या कॉम्प्युटरला लावलं. तुम्हाला नाक्यावरची सीडी टाकली. दिसायला सेमच हाय ना!"

सेमच? आणि वर हसतो!

मुलांचे आधी कर, माझा शेवटी, असं मीच सांगितलं होतं. जेवायलाही मी शेवटीच बसते. पातेलं रिकामं असलं तरी बोलत नाही, हे त्याने इतकी वर्षं पाहिलं आहे.