बाबांच्या रक्तातला बहुरूपी

नागपूर, २ सप्टेंबर १९५७

ती. बाबांना इंदूचा वाकून नमस्कार, वि. वि.

हिवतापवाल्यांनी गावात सगळ्यांची बोटं टोचली, त्या काचपट्ट्या आमच्याच प्रयोगशाळेत आल्या. तुमची पट्टी मीच दुर्बिणीखाली धरली. रक्तात हिवतापाचे जंतू आहेत, आणि तुम्ही खुशाल धानाच्या बांधीत उभे. सोबतच्या गोळ्या मुकाट्यानं घ्या.

मला सातवा लागला. पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायला जीव आसुसला आहे, पण आमचे डॉक्टर नको म्हणतात. आईला काय सांगू, तुम्हीच कळवा. लोभ रागातही असू द्या.

तुमची इंदू

डोंगरखेडा (मूल), ९ सप्टेंबर

चि. सौ. इंदूस भैयाजीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

बापाचं रक्त दुर्बिणीतून पाहणारी तू आपल्या गावातली पहिलीच लेक. चावडीवर सांगितलं, तर शेजारचा पत्रू विचारत होता की आत आणखी काय काय दिसलं. गोळ्या फडताळात ठेवल्या आहेत. वीस वर्षांत मला एकदाही हुडहुडी भरली नाही, मग घेऊ कशाला? तो जंतू आता घरचाच झाला. तू माझंच रक्त, तेव्हा तो तुलाही ओळखेल. डॉक्टरांना हे माझ्या नावानं सांग.

खोली सारवली, बाज विणून घेतली, नीलाबाई सुईणीला सांगून ठेवलं. पोरगी काऊन येऊन नाई राह्यली, असं तुझी आई रोज विचारते. दसऱ्याला मूलच्या स्टेशनावर बैलबंडी आणतो. जावईबापूंना आशीर्वाद.

भैयाजी

नागपूर, १५ सप्टेंबर

ती. बाबांना नमस्कार, वि. वि.

तुमचा निरोप सांगितला. डॉक्टर चहा सांडेपर्यंत हसले, मग त्यांनी नीट समजावलं.

ओळखायचं त्यानं नाही बाबा, आपल्या अंगानं त्याला ओळखायचं असतं. अंगाला त्याचं वरचं आवरण तेवढं कळतं, आणि हा लबाड ते बदलत राहतो. गावात येणारा बहुरूपी आज फौजदार, उद्या बैरागी, तसंच. तुम्ही दरसाल तिथंच, म्हणून त्याची बहुतेक सोंगं तुमच्या रक्ताला पाठ. तो राहतो, पण त्याला दंगा करता येत नाही. ही ओळख बापाकडून लेकीकडे येत नाही, आणि लांब राहिलं की पुसट होते. मी सात वर्षं नागपुरात. त्यातून पोटुशीला हा ताप फार वाईट. तुम्हाला चावलेला डास पुढं मला चावला, तर? मला भीती वाटते बाबा, बाळाची जास्त.

तुमचीच, इंदू

डोंगरखेडा, २२ सप्टेंबर

चि. सौ. इंदूस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं आणि चुलीपाशी बसून रडली. तिची धाकटी बहीण गुणा पाच वर्षं वर्ध्याला होती. आईवडील नव्हते, म्हणून पहिल्या बाळंतपणाला आपल्याकडे आली, आणि आठ दिवसांच्या तापात पोटच्या जिवासकट गेली. तू पाळण्यात होतीस. लोक नजर लागली म्हणाले. हट्टानं बोलावणारी आपणच, हे तुझी आई इतकी वर्षं मनात घेऊन बसली होती. मला ते परवा कळलं.

आता ती म्हणते, की पोरीले इथी आणू नका, मीच तिकडे जातो. गोळ्या घेतल्याशिवाय मला बंडीत बसू देणार नाही म्हणते. दोघंही गिळतो आहोत, कडू जहर. नीलाबाई रुसली आहे. सारवलेली खोली रिकामी राहणार याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला लिहू.

पुढच्या शुक्रवारी पोचतो. गुणाबद्दल आईला काही विचारू नकोस. ती तुझ्या उशाशी बसेल, तेवढं तिला बसू दे.

तुझा बाप,
भैयाजी