काल काय जेवलात?

९ जानेवारी २०२५

डॉक्टरांकडे काटा काय बोलला ते महेंद्रला सांगायलाच नको होतं! संध्याकाळी थेट ऑफिसातून इथे डोंबिवलीत, कोपरला हजर. "आई, बास झालं आता. बाळकुमला ये आमच्याकडे. लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, मेघाली आहे." मार्चअखेर परत वजन करायचं, आणखी घटलं तर या घराला कुलूप – असा हुकूम करून गेला. सून बिचारी चांगली आहे. पण तिच्या स्वयंपाकघरात मी पाहुणी. इथे महेंद्रच्या बाबांची, प्रभाकरची खुर्ची आहे, खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी आहे. मला नाही जायचं.

जन्मभर ठाण्याच्या कॉलेजात आहारशास्त्र शिकवलं. आता मुलगा मला खायला शिकवतोय!

१० जानेवारी

सकाळी चहा-खारी. रात्री चहा-खारी. एकटीसाठी कणीक कोण मळणार?

१४ जानेवारी

कॉलेजचं वार्तापत्र मोबाइलवर आलं. पूर्वी छापील यायचं, शाईचा वास असायचा. ग्राहक मंडळाच्या मुलींनी बाजारातल्या हळदीची भेसळ तपासली, बालसंगोपन विभागाने पतंग केले. आणि एक बातमी – 'एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ स्त्रियांचा आहार : नवी पाहणी'. मार्गदर्शक म्हणून आमची कार्मेल! केवढी होती, आता विभागप्रमुख.

रुग्णाहाराचं प्रात्यक्षिक आठवलं. सगळ्यांनी पांढराफटक मऊ भात केलेला. या बयेने आजीचा तिखटजाळ बाटली मसाला चिमूटभर टाकलेला. मी ओरडले. तर म्हणते, "बाई, पण आजाऱ्याला जेवावंसं वाटायला पाहिजे ना!" मार्क कापले मी. आणि वाडगा रिकामाही मीच केला.

प्रात्यक्षिकाचं उरलेलं डब्यात घालून घरी आणायचे. दार उघडतानाच प्रभाकर विचारायचा, "आज मला काय झालंय?" म्हणजे आज पथ्य कसलं – कावीळ की मधुमेह! इतकी वर्षं धडधाकट माणूस मुलींच्या हातचं पथ्याचं खात राहिला. वर गुणही द्यायचा. "दहापैकी सहा. मीठ विसरली पोरगी."

फार आठवण येते त्याची. लिहून टाकलं, बरं वाटलं.

१७ जानेवारी

कार्मेलचा फोन. पाहणीत मीही हवी म्हणे. "बाई, तुम्ही नाही म्हणालात तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने विचारू?" लबाड! हो म्हणाले.

२१ जानेवारी

कार्मेलची विद्यार्थिनी येऊन गेली. भाविका. डोंबिवलीचीच, मानपाड्याची. पाठीवर सॅक, हातात टॅब, बोलणं म्हणजे धो धो. "बाई, काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लं, सगळं सांगा हं. टेन्शन नका घेऊ, चूक-बरोबर असं काही नसतं यात."

हे वाक्य माझं! मीच शिकवायचे – लोक खाल्लेलं सांगत नाहीत, खायला हवं होतं ते सांगतात. म्हणून आधी त्यांना धीर द्या.

आणि मी काय सांगितलं? सकाळी नाचणीची आंबील. दुपारी दोन पोळ्या, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर. संध्याकाळी केळं. रात्री मुगाची खिचडी, ताक. थांबताच येईना! पोरगी भराभरा टिपून घेत होती. मग म्हणाली, "उसळ घेतली ती वाटी दाखवता? माप घेते." वाटी शोधायला गेले तर फळीवर पार मागे, तेलकट धुळीने चिकटलेली. मी पदराने पुसली. तिने वाटीकडे पाहिलं, माप घेतलं. चहा घेऊन गेली.

लाज वाटते आहे.

२३ जानेवारी

परत कार्मेल. "बाई, तुमचं पाहिलं. आहार अगदी पुस्तकातल्यासारखा आहे हो!" मग म्हणाली, "आता अजून एक फोन येईल तुम्हाला. पडताळणीचा. कधी ते मात्र सांगणार नाही."

पद्धत बरोबर आहे. अचानकच विचारायचं असतं. पण आता पंचाईत! परत खोटं बोलायचं तर आधीचं खोटं लक्षात ठेवायला हवं. त्यापेक्षा उसळ करणं सोपं.

मटकी भिजत घातली.

२५ जानेवारी

उसळ झाली. तिखट जास्त. फोन नाही.

३ फेब्रुवारी

रोज काहीतरी करावं लागतंय. काय सांगावं, उद्याच विचारतील! खालच्या भाजीवालीने विचारलं, "मावशी, पाहुने आलेत काय घरी? रोजची भाजी नेता ती." हो म्हणाले.

११ फेब्रुवारी

व्हाइट सॉसमधल्या भाज्या केल्या! प्रभाकरचा नावडता पदार्थ – हजारदा खाल्ला असेल त्याने. गुठळ्या झाल्या. एवढी वर्षं मुलींना गुठळ्यांवरून बोलले आणि आज माझ्याच हातून! एकटीच मोठ्याने हसले. मग रडले थोडी. पण बशी संपवली, आणि मोठ्याने म्हणाले, "दहापैकी चार."

२६ फेब्रुवारी

फोनचा पत्ता नाही. शेवटी मीच कार्मेलला झापलं. "तुझ्या मुली झोपल्यात का? आमच्या वेळी असलं चाललं नसतं!"

"बाई, अचानक म्हणजे अचानक."

उर्मट! पण खरं आहे.

९ मार्च

सहाव्या प्रयत्नात भाकरी फुगली. फार वर्षांनी.

२८ मार्च

महेंद्र स्वतः घेऊन गेला डॉक्टरांकडे. काट्यावर चढले. वजन वाढलंय! दीड किलो! डॉक्टर म्हणाले, "झकास. जे चाललंय ते चालू द्या." परतताना रिक्षात महेंद्र हळूच म्हणाला, "राहा मग इथेच. पण फोन उचलत जा गं." मी त्याचा हात धरून ठेवला. लहानपणी तो धरायचा तसा.

३० मार्च

पाडवा. महेंद्र आणि मेघाली जेवायला इथेच. मी केलं सगळं. तो उसळ दोनदा मागून जेवला. मेघालीने कृती विचारली. घर भरलं होतं नुसतं.

४ एप्रिल

भाविका आली होती, नवीन वार्तापत्र छापून घेऊन. पाहणीचे निष्कर्ष आलेत त्यात. म्हटलं, "अगं, माझा पडताळणीचा फोन राहिलाच की!" ती गोंधळली. "कसला फोन, बाई? सगळ्यांकडे एकदाच जायचं होतं. तुमचा फॉर्म तर मॅडमनी जानेवारीतच बाजूला काढला, धरलाच नाही."

ती गेली. मग कार्मेलला फोन लावला.

"काय गं, पडताळणीचा फोन कधी येणार?"

"येईल हो बाई. कधीही येईल."

"बरं," म्हणाले. आणि कणीक मळायला घेतली.