राहिलेलं कुर्र

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

कर्जत, १९ जानेवारी

चि. हर्षलेस, आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व बरे. थंडी अजून आहे. तुझी भाची परवा महिन्याची झाली, अंगावर चांगली भरली आहे. तिला काही झालेलं नाही, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. तू फोन उचलत नाहीस. मिहीर म्हणाला, "आई, मेसेज टाक ना ताईला." म्हटलं, मेसेज ती न वाचता पुसून टाकील. पाकीट निदान फोडावं तरी लागतं.

ओठ कसा आहे? खपली असेल तर नखाने काढू नकोस, तुझी जुनी खोड. साजूक तूप लाव, पण तेच बोट पुन्हा डब्यात घालू नकोस, थोडं वेगळं काढून घे. तुरटी नको. मी लावली तेव्हा तुझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तू म्हणालीस, "आई, हा उपाय आहे की शिक्षा?" मग सहाणेवर चंदन उगाळलं, देवापुढचा अंगाराही लावला. तू मेडिकलमधून ट्यूब आणते म्हणत होतीस. मीच म्हटलं, घरात एवढं असताना पैसे कशाला घालवायचे, ताप ओठावर फुटलाय, आपोआप जाईल.

बाळाला दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ओठ चुरचुरायला लागल्या लागल्या औषध लावलं तर थोडं लवकर आटोपतं. तूप-चंदनाने आग कमी होते, पण फोड पूर्ण सुकेपर्यंत लागण होऊ शकते. मोठ्यांना त्याचं काही नाही. तान्ह्या बाळाच्या मात्र जिवावर बेतू शकतं.

हेच त्यांनी बारशाच्या सकाळी तेजश्रीला फोनवर सांगितलं होतं. ती स्वयंपाकघरात आली, घुगऱ्या ढवळत होते मी. म्हणाली, "आई, ताईंना तुम्ही सांगाल का? मी सांगितलं तर त्यांना लागेल. त्यांनी किती हौसेने झबलं शिवलंय." मी हो म्हटलं. तिचा यात काही दोष नाही, हर्षू. आपण काम योग्य माणसावर सोपवलं असं तिला वाटलं.

तुला बाजूला घेऊन सांगायचं होतं. पाहुणे आले, राहून गेलं. पाळण्याला रंगीत दोऱ्यांचे गोप बांधून झाले, बायका म्हणाल्या, आत्याबाई या, कुर्र करा. तू पदर खोचून पुढे झालीस आणि मी म्हटलं, "हर्षला, तू मागे राहा. पद्मजा करील." एवढंच. पद्मजा चुलत का होईना आत्याच, असं वर म्हटलं. का, ते म्हटलं नाही.

कुणी विचारलं तर सांगू, असं मनात होतं. पण कुणी विचारलंच नाही. सगळ्यांना कारण ठाऊक असल्यासारखं वाटलं. दामलेकाकू तर म्हणाल्या, "बरोबर आहे हो, पहिलंच शुभकार्य आहे." जितेशरावांना जाऊन अजून दोन वर्षंही झाली नाहीत. तुझ्या चेहऱ्याकडे मी पाहिलं आणि पाळण्याची दोरी सारखी करत बसले.

पद्मजाला नाव आठवेना, तेव्हा दारातून तूच म्हणालीस, "सानवी सांग गं." तिच्या पाठीत बायकांनी धपाटे घातले, तेव्हा तू हसलीसही. जेवायला ताटं मांडली तर तू नव्हतीस. रसायनीची गाडी धरून गेलेली.

चारचौघींत फोडाचा विषय नको, तुला लाज वाटेल, म्हणून मी गप्प राहिले. रोज पूजेला बसून स्वतःला हेच सांगत होते. देवापुढे ते फार दिवस टिकलं नाही. कारण बायकांना हळदकुंकू लावत मीच फिरत होते. तुझ्यापाशी आले आणि पुढे गेले. कुंकवाचा ओठावरच्या फोडाशी काय संबंध होता?

गुरुवारी भजनाला दामलेकाकूंना सगळ्यांसमोर सांगितलं, हर्षलाच्या ओठावर फोड होता म्हणून तिला थांबवलं, दुसरं काही कारण नव्हतं. त्या म्हणाल्या, "अगंबाई, मग तेव्हाच नाही का सांगायचं?" मी टाळ उचलले. "दुसरं काही कारण नव्हतं" हेही मी त्यांना पुरतं खरं सांगितलं नाही. पुरतं खरं इथे तुलाच सांगितलं.

पाळणा अजून टांगलेलाच आहे. दिवसा येता-जाता मिहीरच्या डोक्याला लागतो, तरी तेजश्री म्हणते, ताई येईपर्यंत राहू दे. घरात सगळे सानवी म्हणतात. मी बाळच म्हणते. तुझ्या आवाजात तिच्या कानात पडलं नाही ते नाव माझ्या तोंडी कसं यायचं?

खपली पडून कातडी पहिल्यासारखी झाली की ये. ती ट्यूब मी आणून ठेवली आहे, पुन्हा कधी ओठ चुरचुरला तर असू दे. नसेल यायचं तर तसं कळव, मी येईन. उंबऱ्यातून परत जा म्हणालीस तरी येईन.

आलीस तर आधी कुंकू लावीन, मग पाळण्याशी नेईन. कुर्र झाल्यावर पाठीत पहिला धपाटा माझा.

तुला ओलांडून पुढे गेलेली,
तुझी आई